टाळूची कमान

विद्यार्थिमित्रांनो, हा लेख पुढें वाचण्यापूर्वीं एक लहानसा प्रयोग करा. "शाळा" हा शब्द सावकाश, तुटक तुटक उच्चारा, आणि उच्चारतांना आपली जीभ कोठें जाते याकडे लक्ष द्या. "शा" म्हणतांना जिभेचा मधला भाग उचलला जाऊन टाळूजवळ येतो व मधल्या फटींतून वारा सूं करून निघून जातो. "ळा" म्हणतांना जिभेचें टोंक मागें वळतें व तोंडाच्या छतावर टिचकी मारल्यासारखें आपटतें. आतां "तूप" म्हणा. "तू" म्हणतांना टोंक वरच्या दांतांच्या मागच्या बाजूस टेकतें आणि "प" चें काम दोन्ही ओठ मिळून करतात. व्याकरणाच्या तासाला कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य व ओष्ठ्य अशीं वर्णांचीं स्थानें आपण घोकतों, आणि घोकतांना वाटतें कीं, ही परीक्षेकरितां केलेली एक यादी आहे. खरें पाहतां तो आपल्या तोंडाचा नकाशा आहे. मराठीनें तर ह्या नकाशांत "चंद्र" मधला च आणि "चमचा" मधला च असे दोन शेजारी निरनिराळे राखले आहेत. पहिल्या वेळीं जीभ टाळूला लागते, दुसऱ्या वेळीं ती दांतांच्या मुळांशीं येते. दोहोंमधील अंतर एका बोटाचेंही नाहीं.

ज्या टाळूवर हा सारा खेळ चालतो ती अरुंद राहिली, किंवा जन्मतःच दुभंगलेली असली, तर काय होतें, आणि ती सुधारण्याकरितां वैद्यांनीं कोणकोणतीं साधनें शोधून काढलीं, हें येथें सांगावयाचें आहे. लेखक दंतवैद्य नाहीं, शिक्षक आहे. परंतु आमच्या वर्गांत गेल्या वर्षीं जो प्रकार घडला त्यामुळें ह्या विषयाचा थोडा अभ्यास करणें भाग पडलें. तो प्रकार पुढें येईलच.

प्रथम टाळूची रचना पाहूं. हात स्वच्छ धुऊन आंगठा तोंडांत घाला व वरच्या पुढील दांतांच्या मागून तो हळूहळू आंत न्या. आरंभीं आडव्या सुरकुत्या लागतात. पुढें गुळगुळीत, कठीण कमान लागते. आणखी मागें गेल्यास ती कमान एकदम मऊ होते. पुढचा सुमारें दोन-तृतीयांश भाग हाडाचा आहे, मागचा स्नायूंचा. त्या मऊ भागाच्या शेवटीं पडजीभ लोंबत असते. आतां कठीण भागाच्या बरोबर मध्यावर, नाकाच्या रेषेंत, एक बारीक उंचवटा बोटाला लागतो कीं नाहीं पाहा. ही शिवण होय. खालचा जबडा हें मोठेपणीं एकसंध असें एकच हाड असतें. तान्हेपणींच त्याचे दोन भाग सांधून जातात. वरचा जबडा मात्र उजवें व डावें अशा दोन हाडांचा बनलेला असून तीं ह्या मधल्या शिवणीवर एकमेकांस भिडलेलीं असतात. लहानपणीं ही शिवण जवळजवळ सरळ असते. वाढत्या वयाबरोबर ती करवतीच्या दांत्यांप्रमाणें नागमोडी होत जाते, आणि यौवनाच्या भरांत तिचे दोन्ही कांठ एकमेकांत घट्ट गुंतून बसतात. ह्या लेखांतील पुढची बहुतेक सर्व हकीकत ह्या एका गोष्टीवर अवलंबून आहे. म्हणून ती नीट ध्यानांत धरावी.

आणखी एक गोष्ट. तोंडाचें छत तेंच नाकाची जमीन होय. तळमजल्याची तक्तपोशी आणि माडीची जमीन जशी एकच, तसें हें आहे. म्हणून टाळूची कमान अरुंद व उंच झाली म्हणजे वरचा श्वासाचा मार्गही अनेकदां चिंचोळा होतो.

कमान अरुंद कां होते? कधीं ती आईबापांकडून आलेली असते, त्यास कोणाचा इलाज नाहीं. परंतु पुष्कळदां कारण तोंडांतच असतें. दांत हे जिभेच्या व गालांच्या मधोमध उभे आहेत. जीभ त्यांना आंतून बाहेर लोटते, गाल बाहेरून आंत दाबतात, आणि ह्या दोन शक्तींचा तोल जेथें सांधतो तेथें दांत स्थिर होतात. मूल स्वस्थ असतांना जीभ टाळूला लागून राहावी अशी योजना आहे. पण जें मूल पांच-सहा वर्षांचें झालें तरी आंगठा चोखतें, त्याची जीभ आंगठ्याखालीं दबून राहते, आणि गाल मात्र चोखण्याच्या जोरानें आंत ओढले जातात. ज्या मुलाच्या नाकामागील गांठी वाढून नाक बंद झालेलें असतें, तें तोंडानें श्वास घेतें. त्याचीही जीभ खालीं पडलेली असते. तोल बिघडला कीं कमान आंत झुकते. मग दाढा मिटल्यावर वरच्या दाढा खालच्यांच्या आंत बसूं लागतात. वास्तविक डबीचें झांकण डबीच्या बाहेरून बसावें तशा वरच्या दाढा खालच्यांच्या किंचित् बाहेर असावयास पाहिजेत. पालकांनीं मुलाला दाढा मिटावयास सांगून आरशासमोर एवढें पाहिलें तरी पुरे. झोपेंत तोंड उघडें राहणें, घोरणें, पुढचे दांत एकावर एक चढणें, हींही ह्याच घराण्याचीं लक्षणें होत.

दांत सरळ करण्याची इच्छा फार जुनी आहे. पहिल्या शतकांत रोम येथें होऊन गेलेल्या सेल्सस नांवाच्या ग्रंथकारानें लिहून ठेविलें आहे कीं, दुधाचा दांत पडण्यापूर्वींच कायमचा दांत वांकडा उगवला तर दुधाचा दांत काढून टाकावा व नवा दांत रोज बोटानें दाबून जागेवर आणावा. १७२८ मध्यें फ्रान्सांत पिएर फोशार ह्या दंतवैद्यानें आपल्या ग्रंथांत घोड्याच्या नालेच्या आकाराची धातूची पट्टी वर्णिली. दांतांना दोरे बांधून ते त्या पट्टीकडे ओढावयाचे, अशी ती युक्ति होती. परंतु हे सारे प्रयत्न दांतांचे झाले. दांत ज्या हाडांत रोवलेले आहेत तें हाडच रुंद करतां येईल, असें कोणाच्या स्वप्नांतही नव्हतें.

तें धाडस १८६० मध्यें अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को येथील इमर्सन एंजेल नांवाच्या दंतवैद्यानें केलें. चौदा वर्षांची एक मुलगी त्याच्याकडे आली. तिच्या वरच्या जबड्यांत दांतांस जागा नव्हती. त्यानें दोन्ही बाजूंच्या दांतांमध्यें आडवें असें एक मळसूत्र बसविलें आणि तें रोज फिरवावयास तिला चावी दिली. दोन आठवड्यांत तिच्या पुढील दोन पटाशीच्या दांतांमध्यें फट पडली. एंजेलनें अनुमान केलें कीं, फट पडली त्या अर्थीं मधली शिवणच उघडली असली पाहिजे. त्यानें आपला अनुभव प्रसिद्ध केला तेव्हां अनेकांनीं त्यावर विश्वास ठेविला नाहीं. त्या वेळीं क्ष-किरणांचा शोध लागला नव्हता. रंटगेनला ते दिसले १८९५ मध्यें. तोंवर आंतलें हाड कोणास दाखवावें कसें? एंजेलची युक्ति पुढें बरींच वर्षें मागें पडली, आणि अँड्र्यू हास ह्या अमेरिकन दंतवैद्यानें १९६१ च्या सुमारास ती पुन्हां पुढें आणली तेव्हांच ती सर्वमान्य झाली. शंभर वर्षांपूर्वीं त्या मनुष्यानें केवळ एका फटीवरून जें अनुमान केलें होतें, तें बरोबर ठरलें.

आज हें यंत्र कसें असतें तें सांगतों. टाळूच्या आकारास जुळेल असा पोलादी तारांचा सांगाडा दाढांना कड्यांनीं पक्का बसविलेला असतो, आणि त्याच्या मध्यावर शिवणीच्या आडवें एक मळसूत्र असतें. मळसूत्राला बारीक छिद्रें असतात. एका छिद्रांत लहानशी चावी घालून ती पुढून मागें, घशाच्या दिशेनें, ढकलली कीं मळसूत्र पाव फेरा फिरतें व दोन्ही बाजू साधारणतः पाव मिलिमीटरनें दूर सरकतात. हें काम घरीं आईनें किंवा बापानें करावयाचें असतें. गणिताची आवड असलेल्यांनीं हिशेब करावा: कमान सात मिलिमीटर रुंद करावयाची आहे, रोज सकाळीं एक व संध्याकाळीं एक असे दोन पाव फेरे द्यावयाचे आहेत, तर किती दिवस लागतील? अठ्ठावीस पाव फेरे, म्हणजे चौदा दिवस. एवढ्या थोड्या अवधींत मनुष्याच्या चेहऱ्याचें एक हाड रुंद होतें ही गोष्ट ऐकून मी स्वतः प्रथम दंतवैद्याकडे संशयानेंच पाहिलें होतें.

आतां वर्गांतील हकीकत. सातवींतील एका मुलीला जून महिन्यांत असें यंत्र बसविलें. ती समुद्रकांठच्या एका कोळीवाड्यांतून येते. मुलगी हुशार, पण वाचावयास उभी राहिली कीं हात तोंडावर ठेवी, आणि नाक चोंदल्यामुळें दोन ओळींनंतर धाप लागल्यासारखी थांबे. यंत्र बसल्यानंतर आठवड्यानें तिची आई शाळेंत आली ती रडवेली होऊन. मुलीच्या पुढच्या दोन दांतांमध्यें पूर्वीं नव्हती अशी फट पडली होती, आणि घरांतील वडील माणसांनीं "तोंड बिघडवून ठेविलें" असें म्हणून चावी फिरविणें बंद करविलें होतें. लग्नाच्या वेळीं ह्या मुलीकडे कोण पाहील, हा त्या घरचा खरा प्रश्न होता. आणि त्यास हंसण्याचा अधिकार आपणांपैकीं कोणासही नाहीं. दंतवैद्यानें फट पडेल असें आधींच सांगितलें होतें. परंतु सांगितलेलें ऐकणें निराळें आणि आपल्या लेकराच्या तोंडांत तें पाहणें निराळें. त्याच दिवशीं दंतवैद्यांशीं बोलणें करून दिलें. त्यांनीं सांगितलें, "बाई, ही फट पडली नसती तर मला काळजी वाटली असती. ही फट म्हणजे शिवण उघडल्याची खूण. चार दिवस फुकट गेले, पण अजून वेळ आहे. आज रात्रींपासून पुन्हां फिरवा." बाईंनीं घरीं जाऊन सर्वांचा रोष पत्करला व चावी पुन्हां फिरविली. मला विचाराल तर ह्या सर्व उपचारांतील अवघड काम तेंच होतें.

फट पडल्यावर पुढें काय होतें, हें समजण्याकरितां हाडाचा स्वभाव ठाऊक असला पाहिजे. हाड दगडासारखें निर्जीव आहे अशी आपली समजूत असते. ती चूक आहे. आपल्या किनाऱ्यावर खारबंदिस्तीचे बांध तुम्हीं पाहिले आहेत. असा एखादा बांध समजा चार हात पुढें न्यावयाचा आहे. तर पुढल्या बाजूस नवी माती घालीत जावें व मागल्या बाजूची माती काढीत जावें. बांध न फुटतां सरकत जातो. दांताच्या मुळाभोंवतालचें हाड हेंच करतें. तारेच्या जोरानें दांत ज्या बाजूस दाबला जातो, त्या बाजूचें हाड खाऊन टाकणाऱ्या सूक्ष्म पेशी तेथें येतात. आणि ज्या बाजूस दांताचे तंतू ताणले जातात, तेथें नवें हाड रचणाऱ्या पेशी कामाला लागतात. कार्ल सँडस्टेट ह्या स्वीडिश संशोधकानें १९०४ च्या सुमारास कुत्र्यांच्या दांतांवर प्रयोग करून सूक्ष्मदर्शकांतून ही क्रिया दाखविली. ह्यावरून हेंही कळेल कीं, जोर फार लावल्यानें काम लवकर होत नाहीं. अति दाबाखालीं रक्ताचा पुरवठा तुटतो, पेशी मरतात, आणि काम उलट अडून बसतें. म्हणूनच तारेनें दांत महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो, अधिक नाहीं. आणि म्हणूनच उपचारास दीड-दोन वर्षें लागतात. "डॉक्टर मुद्दाम लांबवितात" असें जें म्हटलें जातें त्याचें उत्तर बांधाच्या मातींत आहे.

शिवणीचेंही तसेंच. ती उघडली म्हणजे मधली जागा आधीं मऊ द्रव्यानें भरते, मग हळूहळू तेथें हाड तयार होतें. त्यास कांहीं महिने लागतात. तोंवर यंत्र तसेंच तोंडांत, न फिरवितां, ठेवावें लागतें. लवकर काढल्यास दोन्ही बाजू पुन्हां जवळ येतात. पुढची फट मात्र हिरडीच्या तंतूंच्या ओढीनें बहुधा आपोआप मिटूं लागते. हें सर्व मुलाचें वय साधारण चौदा-पंधरा होण्यापूर्वीं सुखानें होतें. त्यानंतर शिवणीचे दांते गुंतत जातात, आणि विशीच्या सुमारास तर केवळ मळसूत्रानें ती बहुधा उघडतच नाहीं. मग हाडांत स्क्रू बसवून किंवा शस्त्रक्रिया करून ती सैल करावी लागते. जें काम सातवींत चावीनें झालें असतें, त्यासाठीं महाविद्यालयांत गेल्यावर कदाचित् शस्त्रक्रियेच्या मेजावर निजावें लागतें. "मोठी झाली कीं बघूं" हें आपल्या घरोघरचें वाक्य ह्या एका बाबतींत फार महाग पडतें.

मळसूत्र हें एकच साधन नव्हे. जबडा हळूहळू रुंद करावयाचा असेल तर चार वेटोळ्यांची, इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखी वळविलेली तार टाळूमागें बसवितात. ती स्प्रिंगप्रमाणें दोन्ही बाजूंना सतत मंद रेटा देते. वरचा जबडाच मागें राहिलेला असेल तर कपाळ व हनुवटी यांवर टेकणारा सांगाडा चेहऱ्यावर चढवून रबरी कड्यांनीं जबडा पुढें ओढतात; हा उपाय साधारण आठ ते दहा वर्षांच्या वयांत उत्तम लागू पडतो. उलट जबडा पुढें येत असेल तर मानेमागून किंवा डोक्यावरून पट्टा घेऊन दाढांवर मागें ओढ लावतात. तो पट्टा रोज बारा-चौदा तास, म्हणजे मुख्यतः घरीं व झोपेंत, वापरावा लागतो. काढघाल करतां येण्याजोगी गुलाबी प्लेट तर पुष्कळांनीं पाहिली असेल. ती दाढांना ज्या तारेच्या आंकड्यांनीं घट्ट बसते, त्या आंकड्यांस फिलिप ॲडम्स ह्यांचें नांव आहे.

दांतांवर चिकटविलेल्या चौकटी व त्यांतून ओंवलेली तार, जिला आपण सगळेच "क्लिपा" म्हणतों, तिचा मूळ पुरुष एडवर्ड अँगल. त्यानें १८९९ मध्यें दांतांच्या व्यंगांची तीन वर्गांत विभागणी केली. त्या विभागणीचा पाया म्हणून त्यानें पहिली कायमची दाढ घेतली. ही दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दुधाची दाढ न पडतां, सर्वांच्या मागें गुपचुप उगवते. त्यामुळें आईबाप तिलाही दुधाचीच समजतात आणि किडली तर "पडेल आणि दुसरी येईल" म्हणून स्वस्थ बसतात. दुसरी येत नाहीं. ती गेली कीं मागची दाढ पुढें कलंडते व सगळी रांगच ढांसळते. दुधाचा दांत उंदीरमामासाठीं कौलांवर टाकण्याची गंमत आपण सर्वांनीं केली आहे. ह्या दाढेवर ती पाळी येऊं देऊं नये.

अँगलच्या काळीं तारा सोन्याच्या मिश्रधातूच्या असत, पुढें पोलादाच्या आल्या. १९६० च्या सुमारास अमेरिकेच्या आरमारी प्रयोगशाळेंत निकेल व टायटॅनियम यांची एक मिश्रधातू सांपडली. ती वांकविली तरी आपला मूळ आकार विसरत नाहीं. प्रयोगशाळेच्या नांवाचीं आद्याक्षरें जोडून तिचें नांव निटिनॉल पडलें. क्षेपणास्त्रांच्या कामासाठीं चाललेल्या संशोधनांतून निघालेली ही धातू १९७० नंतरच्या दशकांत दंतवैद्यांनीं उचलली. वांकड्यातिकड्या दांतांतून ओंवलेली ही तार आपल्या मूळच्या कमानीकडे परत जाऊं पाहते आणि जातांना दांतांनाही मंदपणें बरोबर घेऊन जाते. तापलेल्या तोंडांत तिचा जोर वाढतो व थंड पाणी प्यालें कीं तेवढ्यापुरता सैल पडतो, अशाही जातीच्या तारा आहेत. ज्यांच्या तोंडांत त्या असतील त्यांनीं अनुभव घेऊन पाहावा.

आतां विषयाच्या अधिक गंभीर भागाकडे वळतों. आईच्या उदरांत टाळूचीं दोन पाखें आरंभीं जिभेच्या दोन्ही बाजूंस खालीं लोंबत असतात. आठव्या आठवड्याच्या सुमारास जीभ खालीं सरते, पाखें वर उचललीं जाऊन आडवीं होतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत मध्यावर जुळतात. ओठ त्याच्याही आधीं जुळलेला असतो. हें जुळणें कोठें अपुरें राहिलें तर मूल दुभंगलेला ओठ किंवा दुभंगलेली टाळू घेऊन जन्मास येतें. जगांत सुमारें सातशें जन्मांमागें एक असें हें प्रमाण सांगतात. असें मूल चोखूं शकत नाहीं, कारण तोंडांत निर्वात पोकळी होत नाहीं. दूध नाकांतून बाहेर येतें. मोठें झाल्यावर त्याच्या बोलण्यांतील वारा नाकांतून निसटतो. ओठ मिटून "बाबा" म्हणावयास जावें तर ऐकणाऱ्यास "मामा" ऐकूं येतें. ब आणि म यांत ओठांचें काम एकच आहे. फरक इतकाच कीं, ब म्हणतांना मऊ टाळू नाकाचा दरवाजा बंद करते आणि म म्हणतांना तो उघडा ठेवते. ज्याचा दरवाजाच नीट मिटत नाहीं, तो बापाला हांक मारणार कशी?

अशा मुलाच्या आईला आमच्या भागांत अजूनही विचारतात, "ग्रहणांत कांहीं चिरलें होतेंस का?" ह्या प्रश्नानें किती मातांनीं जन्मभर स्वतःस अपराधी मानलें असेल, त्याची गणती नाहीं. ग्रहण दिसतें तें मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंत सर्वांना एकाच वेळीं दिसतें. त्या दिवशीं सगळ्या किनाऱ्यावर जेवढ्या गरोदर स्त्रिया असतात त्या सर्वांच्या मुलांवर परिणाम व्हावयास नको काय? आणि ग्रहण नसलेल्या वर्षीं हीं मुलें जन्मतात तीं कशीं? खरीं कारणें निराळीं आहेत: कांहीं अंशीं आनुवंशिकता, कांहीं अंशीं गरोदरपणींच्या पहिल्या महिन्यांतील फोलिक ॲसिडची उणीव, तंबाखूचा धूर, अपस्मारावरील कांहीं औषधें. पुष्कळदां तर कोणतेंही एक कारण बोट ठेवून दाखवितां येत नाहीं. चिरलेली भाजी त्यांत कोठेंही नाहीं.

पूर्वीं अशा टाळूवर कृत्रिम झांकण बसवीत. न्यूयॉर्कच्या नॉर्मन किंग्स्ली ह्या दंतवैद्यानें ह्या कामांत मोठें नांव मिळविलें. तो शिल्पकारही होता, आणि त्याचा मुखव्यंगांवरील ग्रंथ १८८० चा आहे. शस्त्रक्रियेच्या बाबतींत आपणांस एका जुन्या गोष्टीचा अभिमान वाटेल. कापलेलें नाक कपाळाच्या कातडीनें पुन्हां घडविण्याची पुण्याजवळच्या एका कारागिराची कृति १७९४ मध्यें लंडनच्या एका मासिकांत छापून आली आणि तिच्यामुळें युरोपांतील शस्त्रवैद्यांस चालना मिळाली. दुभंगलेला ओठ आज साधारण तिसऱ्या महिन्यानंतर शिवतात. टाळू नऊ महिने ते दीड वर्ष ह्या वयांत. परंतु शस्त्रवैद्याच्या आधीं, मधें व नंतर दंतवैद्य लागतो, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. जन्मानंतर थोड्याच दिवसांत बाळाच्या टाळूचा ठसा घेऊन लहानशी प्लेट करतात. तिनें दूध पाजणें सुकर होतें, आणि तीच प्लेट दर आठवड्यास थोडी थोडी घांसून व भरून दुभंगलेले कांठ जवळ आणतां येतात. न्यूयॉर्कच्या ग्रेसन ह्यांनीं १९९३ मध्यें हिला नाकपुडी उचलणारी लहान दांडी जोडली. पुढें आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान सुळा उगवण्यापूर्वीं, टाळूची कमान तारेनें रुंद करून घेऊन हिरडीच्या भेगेंत कमरेचें हाड भरतात; मग सुळा त्या नव्या हाडांतून खालीं उतरतो. त्यानंतरही वाणीचा अभ्यास राहतोच: प, ब, ट, ड हे वर्ण आरशासमोर पुन्हां पुन्हां म्हणावयाचे. म्हणजे लेखाच्या आरंभीं केलेला प्रयोगच, पण वर्षानुवर्षें.

हे उपचार कोठें होतात असें पालक विचारतील. आपल्या देशांतील पहिलें दंतमहाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद ह्यांनीं १९२० मध्यें कलकत्त्यास काढलें. मुंबईंत नायर रुग्णालयाचें दंतमहाविद्यालय १९३३ पासून आहे. दंतवैद्यांचा कायदा १९४८ मध्यें झाला, आणि दांत-जबडा सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची अखिल भारतीय संस्था १९६५ मध्यें मुंबईंतच स्थापन झाली. आमचा जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जात असे. त्या काळीं दांताच्या तारेसाठीं बहुधा मुंबईच गांठावी लागे, आणि पावसाळ्यांत लाँची बंद पडल्या कीं वळसा घालून जाणें आलें. आतां ह्याच जिल्ह्यांत पनवेल तालुक्यांत कामोठें व खारघर येथें दंतमहाविद्यालयें आहेत. अशा संस्थांत पदव्युत्तर विद्यार्थी वरिष्ठांच्या देखरेखीखालीं काम करतात, त्यामुळें खर्च खासगी दवाखान्याहून बहुधा कमी येतो. शाळा व अंगणवाड्यांत मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्यें सुरू झाला, तो आपल्याच किनारपट्टीवर पालघर येथून. दुभंगलेला ओठ व टाळू हें व्यंग त्याच्या यादींत आहे. तपासणीचें पथक शाळेंत येईल त्या दिवशीं मुलाला "लाज वाटते" म्हणून घरीं ठेवूं नये.

पथ्याविषयीं दोन शब्द. तोंडांत तार असतांना चिक्की, उसाचें कांडें, भाजलेले हरभरे व आंब्याची कोय चोखणें वर्ज्य. भाकरी दुधांत किंवा कालवणांत भिजवून खावी; मासळी चालते, पण कांटा तारेंत अडकतो, तेव्हां निवडून द्यावी. आणि सुपारी तर तार असो वा नसो, मुलांच्या हातीं देऊंच नये. श्रीवर्धनची रोठा सुपारी जगांत नांवाजलेली आहे, तिच्या बागा आपलें वैभव आहेत. परंतु लहानपणापासून सुपारी चघळणाऱ्यांच्या गालांतील कातडी दोरासारखी ताठ होते, तोंड उघडेनासें होतें, आणि पुढें त्यांतूनच कर्करोगही उद्भवूं शकतो. ज्याचें तोंड दोन बोटें उघडत नाहीं, त्याच्या टाळूपर्यंत दंतवैद्याचा हात पोंचावा कसा?

शेवटीं माझा स्वतःचा एक कबुलीजबाब. मी शाळेंत असतांना माझ्या पुढच्या दांतांना दीड वर्ष तार होती. ती काढल्यावर रात्रीं घालावयाची एक प्लेट मिळाली होती; हॉले नांवाच्या अमेरिकन दंतवैद्याच्या नांवानें ती प्रसिद्ध आहे. सरळ झालेले दांत नव्या जागीं मुरेपर्यंत तिनें धरून ठेवावयाचे असतात. मीं ती दोन महिने घातली, मग एका सुटींत मामाकडे जातांना घरीं विसरलों, आणि परत आल्यावर ती दांतांवर बसेना. कोणास सांगितलें नाहीं. कपाटाच्या खणांत ठेवून दिली. वडिलांनीं उसनवारी करून भरलेले पैसे आणि दर महिन्याच्या एस. टी. च्या फेऱ्या त्या खणांत गेल्या. माझा एक दांत आजही दुसऱ्यावर अर्धा चढलेला आहे. सातवीच्या वर्गाला मी तो मुद्दाम दाखवितों.

त्या मुलीची फट गणपतीपर्यंत बरीचशी मिटली. यंत्र दिवाळीपर्यंत तोंडांत होतें. त्या अवधींत तिच्या बोलण्यांत थोडा बोबडेपणा आला होता व "टाळी", "डाळ" असे शब्द म्हणतांना जीभ यंत्रावर अडखळे. नाताळच्या आधीं तें निघालें. आतां पुढच्या दांतांची तार चालू आहे, ती आणखी वर्षभर राहील. जानेवारींत तिनें वर्गांत एक संपूर्ण पान न थांबतां वाचून दाखविलें. चावी तिच्या आईनें अजून जपून ठेविली आहे. धाकट्या भावाच्याही दाढा आंत मिटतात, आणि तो आतां नऊ वर्षांचा आहे.